वाल, बटाटा आणि कंपवात: कमला सोहोनींची रामन यांच्या दारापुढची गोष्ट

भात कापून झालं तरी शहापूर आणि मुरबाडच्या खाचरांत थोडी ओल शिल्लक असते. त्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी नाही, फारसा खर्च नाही, थंडीतल्या दवावर पीक उभं राहतं. मग घराघरांत बिरडं शिजतं. पण वाल नुसते धुऊन चुलीवर चढवत नाहीत. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मगच फोडणी. एवढी खटपट कशाला, तर कच्चे वाल पोटाला बाधतात. पिढ्यान् पिढ्या एवढंच उत्तर होतं आणि ते पुरेसंही होतं.

नेमकं काय बाधतं, यातला एक धागा १९५५ साली मुंबईतल्या एका प्रयोगशाळेने पकडला. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाईम प्रथिनं पचवतं. वालात त्याच ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो. तो शुद्ध स्फटिकाच्या रूपात वेगळा केल्याचं टिपण त्या वर्षी 'नेचर'मध्ये छापून आलं. चांगलं शिजवलं की या पदार्थाचा जोर ओसरतो. म्हणजे सासूबाईंचं बरोबर होतं, आता कारणही सापडलं होतं. ते शोधणाऱ्या बाईंचं नाव डॉ. कमला सोहोनी.

नाव ओळखीचं वाटलं असेल. दरवर्षी १८ जूनला त्यांच्या वाढदिवशी एक पोस्ट फिरते. २०२३ साली तर गुगलने त्यांचं डूडलही केलं होतं. पोस्टमधली गोष्ट ठरलेली असते: मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, ती त्यांच्या दाराशी सत्याग्रहाला बसली आणि जिंकली. गोष्ट खरी आहे. अडचण इतकीच, की बहुतेक पोस्ट तिथेच संपतात. प्रवेश मिळवून या बाईंनी पुढे काय शोधलं, ते कुणी सांगत नाही. आणि जे शोधलं त्याचा धागा आज थेट कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णापर्यंत येऊन पोचतो.

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. होय, आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद गाजवणाऱ्या त्याच दुर्गाबाई. एका घरात एक बहीण लोकसंस्कृतीची अभ्यासक, दुसरी जीवरसायनशास्त्राची. दोघींनाही आदिवासींच्या ताटात काय असतं याचं कुतूहल होतं, हा योगायोग मात्र फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुर्गाबाई तर मध्य प्रदेशातल्या आदिवासी भागात संशोधन करताना विषारी सुरण खाण्यात आल्याने दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्या होत्या.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळुरूला अर्ज केला. पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मुलींना संशोधन झेपत नाही, असं नोबेल मिळवलेल्या संचालकांचं मत होतं. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावं लागेल आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. शेवटची अट मुलीला घालायची की पुरुषांना, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक होते, पण शिकवणारे होते. कमलाबाईंनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ मध्ये एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळवली आणि त्यानंतर त्या संस्थेचं दार मुलींसाठी उघडलं.

इथून पुढची गोष्ट केंब्रिजची आहे.

१९३७ च्या डिसेंबरमध्ये त्यांनी न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश घेतला. काम करायला मिळालं ते सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात. हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चं नोबेल मिळवलेले. अन्नाचं पेशीत गेल्यावर काय होतं, या प्रश्नाचं त्या काळातलं जगातलं एक मोठं ठाणं म्हणजे तो विभाग. तिथे कमलाबाईंनी वर्ष-दीड वर्षात दोन वेगळ्या कामांना हात घातला.

पहिलं काम डेरेक रिक्टर यांच्याबरोबर. अमाईन ऑक्सिडेज नावाचं एक एन्झाईम शरीरातली ॲड्रेनलिनसारखी रसायनं मोडतं. ते कसं वागतं, यावर रिक्टर आणि हर्मन ब्लाश्को यांच्यासोबत त्यांचा निबंध १९३९ साली 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये आला. ब्लाश्को हे हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू शास्त्रज्ञ. एका बाकावर जर्मनीने नाकारलेला माणूस आणि बंगळुरूने जवळजवळ नाकारलेली मुलगी, असं ते दृश्य.

दुसरं काम रॉबिन हिल यांच्याबरोबर, आणि त्याचा कच्चा माल होता बटाटा. प्राण्यांच्या पेशी श्वसन करताना सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिनं वापरतात, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली दाखवलं होतं. वनस्पतींचं काय? त्या तर उन्हावर अन्न बनवतात. कमलाबाईंनी दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही तीच यंत्रणा आहे: सायटोक्रोम सी आहे आणि त्याच्याकडून पुढचं काम करून घेणारं सायटोक्रोम ऑक्सिडेजही आहे. हिल आणि भागवत या दोन नावांनी ते टिपण १९३९ च्या 'नेचर'मध्ये आलं. पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी १४ महिन्यांत लिहिला आणि तो जेमतेम ४० पानांचा होता. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, असं त्यांचं वर्णन होतं. ते करताना वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ मध्येच अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. 'पहिली' या शब्दावर भांडण्यापेक्षा त्या ४० पानांत काय होतं, ते जास्त रंजक आहे.

आपल्या पेशीत मायटोकाँड्रिया असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात आणि पेशीचं ऊर्जाकेंद्र अशी एक ओळ पाठ करून घेतात. आत काय चालतं ते समजायला शहापूरच्या उन्हाळ्यातली विहीर आठवावी. विहीर खोल, हंडे जड, म्हणून बायका रांग करतात आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात हंडा सरकत जातो. मायटोकाँड्रियात अशीच रांग असते. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सरकतात. सायटोक्रोम सी हे त्या रांगेतलं धावतं माणूस: अलीकडून घ्यायचं, पलीकडे नेऊन द्यायचं. सायटोक्रोम ऑक्सिडेज रांगेच्या टोकाला उभं असतं आणि तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हवाली होतात. आपण जो श्वास घेतो त्यातला बहुतेक ऑक्सिजन इथेच खर्च होतो. या हातोहातीतून जी ऊर्जा मिळते ती एटीपी नावाच्या रेणूत साठते. रांग अडली की दोन गोष्टी होतात. ऊर्जा कमी पडते आणि पाणी सांडावं तसे इलेक्ट्रॉन भलतीकडे सांडतात. त्या सांडण्यातून तयार होणारी रसायनं पेशीलाच जाळतात.

कमलाबाईंनी बटाट्यात ही रांग शोधली तेव्हा ती पेशीत नेमकी कुठे उभी असते, हे पक्कं ठाऊक नव्हतं. ती मायटोकाँड्रियात असते, हे १९४० च्या दशकाच्या शेवटी स्पष्ट झालं.

आता मेंदूकडे. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा खातो. त्याच्या बहुतेक चेतापेशी बदलून मिळत नाहीत. जन्मभर त्याच पेशी, तेच काम. त्यातही डोपामिन बनवणाऱ्या पेशींचा गट लहान आणि त्यांच्या शाखा अतोनात पसरलेल्या, त्यामुळे त्यांची ऊर्जेची भूक मोठी. याच पेशी मरू लागल्या की कंपवात होतो. हात थरथरतो, चाल अखडते, पाऊल उचलता उचलत नाही, चेहरा कोरा पडतो. पाड्यावरच्या म्हाताऱ्याच्या हातात विळा ठरेना झाला की वय झालं म्हणून सोडून देतात. कंप आहे की कंपवात, हे ओळखायला मेंदूविकारतज्ज्ञ लागतो आणि त्यासाठी मुरबाडहून कल्याण-ठाण्याची वाट धरावी लागते.

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ असतो, हे १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी दाखवलं. डोपामिनच्या मागे लागायला त्यांना कुणी सुचवलं होतं? ब्लाश्को यांनी. तोवर ते ऑक्सफर्डला गेले होते आणि हॉर्निकिएविच त्यांच्याकडे शिकायला आले होते. कमलाबाईंचे सहलेखक असे या गोष्टीत पुन्हा भेटतात. रिक्टर यांनीही पुढे मेंदूच्या रसायनशास्त्रालाच वाहून घेतलं.

मेंदूत डोपामिन मोडणारं एन्झाईम कोणतं? तेच, अमाईन ऑक्सिडेज. ते मायटोकाँड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर बसलेलं असतं, हे नंतर कळलं. त्याचा एक प्रकार रोखणारी सेलेजिलिन आणि रासाजिलिन ही औषधं आज कंपवातात दिली जातात. उरलेलं डोपामिन जरा जास्त टिकावं, एवढाच त्यांचा हेतू.

पण या दोन कामांची खरी गाठ पडली ती १९८२ साली, तीही एका गुन्ह्यामुळे. कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक दगडासारखे आखडून रुग्णालयात आले. लक्षणं हुबेहूब कंपवाताची, तीही ऐन तारुण्यात. चोरून बनवलेल्या नकली हेरॉईनमध्ये एमपीटीपी नावाचा पदार्थ भेसळ होऊन आला होता. शोध घेतला तेव्हा कळलं की मूळ पदार्थ तसा निरुपद्रवी. मेंदूतलं अमाईन ऑक्सिडेज त्याचं विषात रूपांतर करतं, ते विष डोपामिनच्या पेशींत शिरतं आणि तिथल्या मायटोकाँड्रियातली रांग पहिल्याच पायरीवर, कॉम्प्लेक्स एक नावाच्या प्रथिनाशी, रोखून धरतं. म्हणजे पहिलं दार रिक्टर-ब्लाश्को-भागवत यांच्या निबंधातलं आणि आतली यंत्रणा हिल-भागवत यांच्या टिपणातली. १९८९ मध्ये लंडनच्या संशोधकांना कंपवाताने गेलेल्या सामान्य रुग्णांच्या मेंदूतही कॉम्प्लेक्स एक अशक्त झालेलं आढळलं. रोटेनोन हे कीटकनाशक उंदरांत हाच घाव घालतं. पॅराक्वाट हे तणनाशक वेगळ्या वाटेने, पेशीत जाळणारी रसायनं वाढवून नुकसान करतं, आणि ते हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत कंपवाताचा धोका जास्त दिसला आहे. तोंडाला नुसता रुमाल बांधून पंप पाठीवर घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

सायटोक्रोम सी बद्दलही एक धक्का शिल्लक होता. १९९६ साली अमेरिकेत शियाओडोंग वांग यांच्या गटाने दाखवलं की हे प्रथिन मायटोकाँड्रियातून बाहेर गळलं, तर पेशी स्वतःला संपवायला घेते. जगवणारं धावतं माणूसच मरणाचा निरोपही नेतं. मेंदू झिजवणाऱ्या आजारांत पेशी कशा मरतात, याच्या अभ्यासात हा रस्ता आज मुख्य रस्त्यांपैकी एक आहे.

हे सगळं कमलाबाईंनी भाकीत केलं होतं का? मुळीच नाही. त्या बटाटा किसत होत्या, मेंदूच्या आजाराचा विचार करत नव्हत्या. मूलभूत विज्ञान असंच असतं, त्याचा उपयोग कुठे निघेल ते किसणाऱ्याला माहीत नसतं.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात नवा जीवरसायन विभाग, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम. १९४७ मध्ये विमागणितज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. १९४९ पासून रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी जीवरसायन विभाग उभा केला. (मुंबईच्या नळाला तेव्हाही शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचं पाणी येत होतं, १८९२ पासून. शहापूरच्या पाड्यांवर मात्र आजही उन्हाळ्यात टँकर लागतो.)

केंब्रिजचा विषय पुढे नेऊन मोठं नाव कमावता आलं असतं. त्यांनी निवडलं ते गरिबाचं ताट: वाल, डाळी, भाताचं पीठ, नीरा. याकडे करिअरची उतरण म्हणून पाहणारे चुकतात. पेशीतली रांग चालते ती ताटातल्या वस्तूंवरच. सायटोक्रोमच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. अन्नातली साखर मायटोकाँड्रियाच्या दारातून आत घ्यायला बी-१ जीवनसत्त्व लागतं, आणि ते तांदळाच्या कोंड्यात असतं. तांदूळ पांढराशुभ्र केला की निघून जातं. बी-१ फारच कमी पडलं तर नसा आणि मेंदू दोन्ही आजारी पडतात.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम हाती घेतलं. ताडामाडाचा हा रस पहाटे उतरवतात. ऊन चढलं की तो आंबून ताडी होतो. ताज्या नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह किती, ती आटवून केलेल्या गुळात त्यातलं किती टिकतं, हे त्यांनी तपासलं. मग कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात नीरा देऊन पाहिली. त्यांची तब्येत लक्षणीय सुधारली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी आणि वारल्यांच्या वस्त्या असलेल्या शहापूर-मुरबाडमध्ये पांडुरोग आणि कुपोषण हे शब्द आजही अंगणवाडीच्या वहीत रोज लिहिले जातात. नीरा मेंदूचा आजार टाळते असं त्यांनी कधी म्हटलं नाही आणि तसं सिद्धही झालेलं नाही. रक्तातलं लोह आणि मुलाची वाढ, एवढ्यापुरतंच ते काम होतं.

संस्थेचं संचालकपद मात्र त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं, अंतर्गत राजकारणामुळे. मिळालं तेव्हा त्या तिथल्या पहिल्या स्त्री संचालक ठरल्या. १९६९ मध्ये निवृत्त झाल्या आणि ग्राहक चळवळीत पडल्या. मुंबईतल्या नऊ बायकांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीच्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. 'कीमत' या तिच्या नियतकालिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत.

त्या आज असत्या तर त्यांना काम पुष्कळ होतं. मायटोकाँड्रियाला ताकद देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती हल्ली फोनवर सारख्या येतात. त्यातली लाडकी गोळी कोएन्झाईम क्यू-टेनची. हा पदार्थ खरोखरच त्या रांगेत असतो, सायटोक्रोम सी च्या थोडा अलीकडे. म्हणून कंपवाताच्या ६०० रुग्णांवर तो मोठ्या मात्रेत देऊन पाहिला गेला. निकाल २०१४ मध्ये छापून आला: फायदा शून्य. दुसरं टोक खाजकुयलीचं. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या, नुसत्या स्पर्शाने आग करणाऱ्या या शेंगेच्या बियांत लेव्होडोपा असतं, ज्यापासून मेंदू डोपामिन बनवतो. मद्रासच्या दोघा शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्ये वेगळं केलं होतं, त्याच 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये. कंपवातावरचं मुख्य औषध आजही लेव्होडोपाच आहे. पण बीगणिक मात्रा बदलते, म्हणून रानातली पूड परस्पर खाणं धोक्याचं आणि चालू गोळी बंद करून खाणं त्याहून धोक्याचं.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार ठेवला. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांना या विस्मरणात गेलेल्या बाई सापडल्या होत्या. समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी, त्यांचं निधन झालं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जपानी संशोधकांनी तरुण वयात होणाऱ्या कंपवातामागचं पार्किन नावाचं जनुक शोधल्याचं 'नेचर'मध्ये जाहीर केलं होतं. बिघडलेले मायटोकाँड्रिया हुडकून मोडीत काढायला लावणं हे पार्किनचं काम आहे, हे कळायला आणखी दहा वर्षं लागली.